वॉर्डात भरणारी शाळा

१९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार शिकवणारी शाळा सुरू झाली. भारतातली ती पहिली, आणि आशिया खंडातलीही पहिली. राज्यघटना त्याच वर्षी अमलात आली होती. मुंबईत रेशनच्या रांगा होत्या, शहराबाहेर निर्वासितांच्या छावण्या होत्या. अशा दिवसांत महापालिकेच्या एका रुग्णालयात विणकाम, सुतारकाम आणि शरीररचनाशास्त्र एकाच वेळापत्रकात बसवणारा अभ्यासक्रम उभा राहत होता. हे कोणाला सुचले आणि परळलाच का जमले, ते सांगितल्याशिवाय पुढचे सगळे नुसती सनावळी होईल.

केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेले सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज यांचा जन्मच मुळी एका हट्टातून झाला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्या काळी वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या इंग्रज डॉक्टरांकडे असत आणि विलायतेहून शिकून आलेला हिंदी डॉक्टरही बहुधा हाताखालीच राही. म्हणून देणगीदारांनी अट घातली की, या कॉलेजात शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत. १९२६ साली रुग्णालय सुरू झाले. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन झाले. पुढे गुजरात राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ते हेच. अशा या कडक स्वदेशी संस्थेत नव्या विषयाची शाळा काढली ती अमेरिकेत जन्मलेल्या बाईंनी! अर्थात तोवर त्या सर्वार्थाने कमलाबाई निंबकर झालेल्या होत्या.

मराठी वाचक निंबकर हे आडनाव फलटणशी जोडतो, आणि ते बरोबरच आहे. शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे कमलाबाईंचे चिरंजीव, लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई, आणि फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा तर त्यांच्याच नावाची. परंतु परळमधले त्यांचे काम फलटणइतके लोकांना ठाऊक नाही. मूळच्या एलिझाबेथ लुंडी, १९०० साली न्यू जर्सीतल्या क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या आणि मुंबईत लहान मुलांच्या शिक्षणात रमल्या. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी सैनिकांना पुन्हा उभे करण्याच्या कामी व्यवसायोपचार जगभर पुढे आला होता. ही गोष्ट आपल्याकडे हवी, असे कमलाबाईंनी मनावर घेतले. पंचेचाळिशी उलटलेली असताना त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या, फिलाडेल्फियाच्या व्यवसायोपचार शाळेत विद्यार्थिनी म्हणून बसल्या, शिकल्या आणि परत आल्या. त्या वयात बाक बदलून शिक्षिकेची विद्यार्थिनी होणे सोपे नसते. आपल्या शाळेच्या इतिहासातला सर्वांत धाडसी निर्णय कोणता, असे कोणी विचारले तर मी याच निर्णयाकडे बोट दाखवीन.

विषय अमेरिकेतही फार जुना नव्हता. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मूठभर लोकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची पहिली संघटना काढली, तिथून त्याची मोजणी होते. मनोरुग्णालयातल्या माणसाला दिवसभर खाटेवर बसवून ठेवण्यापेक्षा हाताला काम दिले तर तो सावरतो, हा मूळ अनुभव. पहिल्या महायुद्धानंतर तोच विचार तुटलेल्या हातापायांपर्यंत पोहोचला. फिजिओथेरपीची आणि याची गल्लत लोक आजही करतात. ढोबळमानाने सांगायचे तर फिजिओथेरपिस्ट गुडघा किती अंशांत वाकतो ते पाहतो आणि तो वाकवून देतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्या गुडघ्याचा मालक न्हाणीघरात एकटा जाऊन आंघोळ करून येतो की नाही, ते पाहतो. दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही.

मुंबईत त्या वेळी या कामाची निकड होती ती मुख्यतः पोलिओमुळे. रात्री तापाने फणफणलेले मूल चार दिवसांनी उठते तेव्हा एक पाय लुळा, हे दृश्य घरोघरी परिचयाचे झाले होते. पोलिओच्या संशोधनासाठी १९४९ साली मुंबईत स्वतंत्र केंद्र निघाले; तेच पुढे आपल्या शेजारच्या हाफकिन संस्थेच्या आवारातले एन्टेरोव्हायरस संशोधन केंद्र. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीच्या उपचारासाठी वणवण केलेल्या या बाईंनी १९४७ साली इतरांच्या मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले आणि त्यातून पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. डॉक्टर होते, शल्यविशारद होते, कॅलिपर बनवणारेही मिळत. रोज सकाळी त्या मुलाच्या पायाशी आणि हाताशी तासभर बसणारी शिकलेली माणसे मात्र नव्हती. व्यवसायोपचाराच्या शाळेपाठोपाठ दोन-तीन वर्षांतच केईएममध्ये भौतिकोपचाराची, म्हणजे फिजिओथेरपीची शाळाही सुरू झाली, तीही देशातली पहिली. जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका अशा तिघांचा हात तिला लागला. आपल्या दोन्ही शाळा म्हणजे पाठोपाठच्या बहिणी. भांडणेही बहिणींसारखीच झाली, विशेषतः कोणता रुग्ण कोणाकडे पाठवायचा यावरून. पण त्याचा तपशील या स्मरणिकेत कशाला!

शाळेचे नाव पहिल्यापासून ‘ट्रेनिंग स्कूल अँड सेंटर’ असे जोडीने घेतले जाते. या जोडनावातच तिची सगळी रचना आली. शाळेला वेगळी इमारत, वेगळा कॅम्पस, वेगळे जग असे काही नव्हते. विद्यार्थी सकाळी ॲनॅटॉमीच्या हॉलमध्ये मेडिकलच्या मुलांसारखेच हाताचे स्नायू सोडवून पाहत आणि दुपारी तेच स्नायू जिवंत, दुखरे, केसपेपर हातात घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसत. ऑर्थोपेडिकचा वॉर्ड, न्यूरोचा वॉर्ड, मानसोपचाराची ओपीडी, बालरुग्ण विभाग हेच वर्ग. आता सुमारे अठराशे खाटांच्या या रुग्णालयात जे पाहायला मिळत नाही, ते पुस्तकात असूनही फारसे उपयोगाचे नाही, अशी एक उद्धट समजूत इथल्या विद्यार्थ्यांत असते. ती थोडीफार खरीही आहे.

पण पुस्तके अमेरिकेची आणि रुग्ण गिरणगावातला, ही खरी अडचण होती. पुस्तकातला रुग्ण खुर्चीवर बसे, काट्याचमच्याने जेवे, टबात आंघोळ करी, दोन पायऱ्या चढून आपल्या घरात शिरे. इथला रुग्ण दहा बाय बाराच्या खोलीत सहा-सात माणसांबरोबर राही. संडास गॅलरीच्या टोकाला, तोही उकिडवे बसण्याचा. जेवण जमिनीवर, मांडी घालून, हाताने. अर्धांगवायूतून उठलेल्या बाईला खुर्चीवरून उठायला शिकवून घरी धाडले, तर ती घरी जाऊन करणार काय? खुर्ची घरात होतीच कुठे! तिला जमिनीवरून उठता यायला हवे, एका हाताने निऱ्या काढून खोचता यायला हव्यात, पोळी लाटता यायला हवी. पोळपाट एका हाताने लाटताना फिरतो, सरकतो. त्याखाली ओले फडके घातले की सरकत नाही. ही युक्ती फिलाडेल्फियाच्या शाळेत कोणी शिकवली नसणार.

विळीचे उदाहरण मला नेहमी सांगावेसे वाटते. सुरीने बटाटा चिरायचा तर दोन हात लागतात: एक बटाटा धरायला, एक सुरी चालवायला. म्हणून एक हात निकामी झालेल्या माणसासाठी परदेशी पुस्तकांत खिळे मारलेली फळी दाखवलेली असते. बटाटा खिळ्यांवर रोवायचा आणि उरलेल्या हाताने चिरायचा. आपली विळी मुळातच पायाखाली दाबून धरायची असते. पाते जागेवर स्थिर, भाजी तेवढी हलवायची. दंडाच्या नसा तुटून एक हात गेलेली पण पायांनी धड असलेली बाई विळीवर एका हाताने भाजी चिरू शकते, तिला फळीची गरज नाही. उलट अर्धांगवायूच्या रुग्णाला जमिनीवरचा तोल सावरत नसेल तर तीच विळी धोक्याची, तिथे ओट्यावर ठेवलेली खिळ्यांची फळीच बरी. कोणते साधन कोणाला, हा निर्णय रुग्णाला घरचे चार प्रश्न विचारल्याशिवाय घेता येत नाही, आणि ते प्रश्न विचारण्याची सवय ही या शाळेने लावलेली सर्वांत मोलाची सवय. तुमचा संडास कुठे आहे? पाणी कोण भरते? स्टोव्ह खाली की ओट्यावर? नवख्या विद्यार्थिनीला हे विचारताना अवघडायला होते. रुग्णाला मात्र पहिल्यांदाच कोणीतरी कामाचे विचारले, असे वाटते.

वरणभात कालवणे हा अंगठ्याचा केवढा मोठा व्यायाम आहे, हेही इथेच उमगले. अंगठा चारी बोटांच्या टोकांना लागणे, घास गोळा होणे, तो तोंडापर्यंत न सांडता जाणे, यात हाताच्या शस्त्रक्रियेची अख्खी परीक्षा होते.

आता स्प्लिंटबद्दल, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या साच्याबद्दल, थोडे सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्यांना आपल्या विभागाची ओळख बहुधा त्याच्यामुळेच असते. दंडाचे हाड मोडले, त्याला वळसा घालून जाणारी रेडियल नस दुखावली आणि मनगट खाली लोंबू लागले, असा रुग्ण घ्या. नस सावरायला काही महिने लागतात. तोवर मनगट उचलून धरायला हवे, नाहीतर स्नायू ताणून निकामी होतात आणि मूठही वळत नाही. विद्यार्थिनी आधी रुग्णाचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याचा आकार काढते. हात सुजलेला असेल, दुखत असेल, तर दुसऱ्या हाताचा आकार घेऊन कागद उलटा करते. त्या मापाने थर्मोप्लास्टिकची शीट कापून गरम पाण्यात सोडायची. ती लवचीक झाली की पुसून, आपल्या मनगटावर गरमपणा तपासून, रुग्णाच्या हातावर बसवायची. मनगट वीस ते तीस अंश मागे. हे सगळे दोन-चार मिनिटांत, कारण शीट थंड झाली की हट्टाला पेटते. कडा बाहेर वळवायच्या म्हणजे त्या रुतत नाहीत. मनगटाबाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला जागा ठेवायची.

आणि तळहातावर स्प्लिंट कुठे संपवायचा? तळव्यावर बोटांच्या खाली जी आडवी रेषा असते तिच्या अलीकडे. अर्धा सेंटिमीटर पुढे गेले तर बोटे पूर्ण मिटत नाहीत, रुग्णाला घास घेता येत नाही, बसचा दांडा धरता येत नाही. मग तो दोन दिवस स्प्लिंट वापरतो आणि तिसऱ्या दिवशी घरी खिळ्याला अडकवून ठेवतो. व्हायवात यावर प्रश्न हमखास असतो. पट्टे लावल्यावर रुग्णाला वीसेक मिनिटे बाकावर बसवून ठेवायचे आणि मग स्प्लिंट काढून कातडीवर लाल डाग कुठे उठले ते पाहायचे. घाईच्या ओपीडीत ही वीस मिनिटे गाळण्याचा मोह होतो. ज्याला बधिरपणा आहे त्याला रुतलेले कळत नाही, त्याच्या बाबतीत तर तो मोह आवरलाच पाहिजे.

परदेशी शीट महाग. महापालिकेच्या रुग्णालयातल्या रुग्णाला ती परवडेलच असे नाही. म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, प्लास्टर ऑफ पॅरिस, नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप उभा चिरून आणि तापवून सपाट केलेला, असे नाना पर्याय आपल्याकडे रुळले. कामचलाऊ म्हणून त्यांना नाके मुरडणारे होते. परंतु स्वस्त स्प्लिंट नीट बसवायला जास्त कसब लागते, हे हाताने केलेल्या कोणालाही पटेल.

सुरुवातीच्या अभ्यासक्रमात हस्तकलांना मोठे स्थान होते. विणकाम, सुतारकाम, वेतकाम, मातीकाम असे सगळे. शाळा निघण्याच्या बारा-तेरा वर्षे आधी, १९३७ साली, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती. हाताच्या उद्योगातून शिक्षण, हाच तिचा गाभा. दोन्ही विचार स्वतंत्रपणे वाढले, तरी इथल्या मातीत व्यवसायोपचार परका वाटला नाही याचे एक कारण हे असावे, असे मला वाटते. शिवाय परळ म्हणजे गिरण्यांच्या मधोमध. मागावर बसवलेला रुग्ण शिकवणाऱ्या मुलीपेक्षा विणकामात तरबेज निघण्याचीच शक्यता जास्त. गिरणी कामगाराचे बोट बरे झाले, याचा अर्थ एक्स-रेत हाड जुळले एवढाच नसतो. तुटलेला धागा चिमटीत धरून क्षणात सांधता आला पाहिजे, नाहीतर त्याला त्या खात्यात परत कोणी घेत नाही.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते गिरणगाव हळूहळू मोडले. रुग्ण बदलले. चिमण्यांच्या जागी टॉवर आले, धागा सांधणारी बोटे गेली. लोकलमधून पडून हातपाय गमावलेले, मोटारसायकलवरून फेकले जाऊन खांद्याच्या नसांचा जुडगा तुटलेले तरुण वाढले. मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट, सप्टेंबर २०१७ मधली एल्फिन्स्टन पुलावरची चेंगराचेंगरी अशा प्रसंगी जखमी केईएमला आले. वर्तमानपत्रे आठवड्याने दुसऱ्या बातमीकडे वळतात. आपल्या विभागात त्यानंतर काम सुरू होते आणि ते महिनोन्महिने चालते. ज्या पोलिओने या शाळा उभ्या केल्या, तो मात्र गेला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. आजच्या विद्यार्थ्यांना पोलिओचा पाय दिसतो तो प्रौढ रुग्णाचा. बालविभागातली जागा सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता आणि शिकण्यातल्या अडचणी असलेल्या मुलांनी भरून निघाली आहे, आणि त्यांच्या आयांची रांग पोलिओच्या काळाइतकीच लांब आहे.

संस्थात्मक बाजू थोडक्यात सांगतो. १९५२ साली कमलाबाईंच्या पुढाकाराने व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी या व्यवसायाच्या जागतिक महासंघाची स्थापना झाली आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या पंक्तीला नुकताच स्वतंत्र झालेला देश बसला तो परळच्या एका विभागाच्या जोरावर, हे आपण कधी पुरेशा अभिमानाने सांगितलेले नाही. पन्नाशीच्या दशकातच नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शाळा निघाली. पुढे मुंबईत नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांतही हे शिक्षण सुरू झाले. १९७९ साली कमलाबाई गेल्या. भारतातल्या पुनर्वसनाच्या कामाचा इतिहास त्यांनी स्वतः लिहून ठेवला, हे त्यांचे आपल्यावरचे आणखी एक ऋण.

पदविकेची पदवी झाली, पदव्युत्तर शिक्षण आले आणि मुंबई विद्यापीठाकडून शाळा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली गेली. अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा झाला. प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून होऊ लागले. साहजिकच डॉक्टर व्हायचे राहिले म्हणून हिरमुसून आलेली मुले पहिल्या वर्षात भेटतात. वॉर्डात पाऊल पडल्यावर त्यांतली बरीचशी रमतात. पदवी हवीच होती, तिच्यावाचून रुग्णालयात आपल्याला कोणी समान मानले नसते. पण जीवसांख्यिकी आणि संशोधनपद्धती आत आल्या तसे माग आणि रंधा बाहेर गेले, याची चुटपुट मला आहे. ज्याने स्वतः कधी खुर्ची विणली नाही, त्याला ती विणताना खांदा कुठे दुखतो ते रुग्णाला सांगावे लागते. हा उलटा व्यवहार आहे.

कायद्याची मान्यता यायला फारच उशीर झाला. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची राज्य परिषद आणली, तेव्हा शाळेला अर्धशतक उलटून गेले होते. केंद्राचा संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीचा कायदा तर मार्च २०२१ मध्ये झाला. पन्नासहून अधिक व्यवसाय त्याने एका आयोगाखाली आणले. नोंदणी, अभ्यासक्रमाचा दर्जा, बोगस पाट्यांवर कारवाई हे सारे त्यातून अपेक्षित आहे. कागदावरून प्रत्यक्षात किती उतरते ते पुढच्या स्मरणिकेचे लेखक सांगतील.

आपले कितीतरी विद्यार्थी अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात, आखातात गेले. पालिकेच्या पैशावर शिकून परदेशी गेले, अशी टीका दर काही वर्षांनी होते. तीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण इथे या शिक्षणावर नोकरीच्या जागा किती आणि पगार काय, हे टीका करणाऱ्यांनी एकदा पाहावे. जिल्ह्याच्या ठिकाणी अर्धांगवायूचा रुग्ण आजही मालिशवाल्याकडे जातो, कारण दुसरा कोणी तिथे नेमलेलाच नसतो.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या वह्या असतील, स्प्लिंटचे कागदी नमुने असतील, कार्यशाळेत विणलेल्या वस्तू असतील, वॉर्डातली छायाचित्रे असतील. पोळपाटाखालचे फडके किंवा पाइपचा स्प्लिंट अशा इथल्या युक्त्या छापील पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. त्या तुमच्या वह्यांच्या समासात आहेत. घर बदलताना त्या रद्दीत घालू नका. कोणत्या वर्षीच्या, कोणत्या वॉर्डातल्या, कोणत्या प्रकारच्या रुग्णासाठी, एवढे मागे लिहा आणि विभागात आणून द्या. परदेशी असाल तर फोटो काढून पाठवा, पण मापांसकट.